यांकाऊला नसलेली खिंड

बोहेमियातल्या एका टेकडीजवळ सोळाशे पंचेचाळीस साली एक सरदार मारला गेला. त्याच्या मरणाबद्दल मी न्यू जर्सीतल्या एकवीस मुलींना धडधडीत खोटं सांगितलं. तेही अशा तासाला, ज्या तासावर आमचं तिघांचं बिऱ्हाड टांगलेलं होतं. आता नातवंडांना खोटं बोलू नका म्हणून दटावते, तेव्हा तो सरदार मिशीतल्या मिशीत हसत असेल असं मला वाटतं. त्याला मिशी होती की नाही ते मला माहीत नाही. बघा, झालं पुन्हा माझं सुरू.

दोन हजार दोन सालचा एप्रिल होता. नवरा एका कन्सल्टन्सीमार्फत काम करायचा. फेब्रुवारीत त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि तो 'बेंचवर' आला, म्हणजे घरी बसून फोनकडे बघू लागला. मग कन्सल्टन्सीनं कळवलं, की मेअखेरपर्यंत नवं प्रोजेक्ट मिळालं नाही तर आम्ही तुम्हाला ठेवू शकत नाही. त्या दिवसांत नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि माझा नि मुलीचा व्हिसा त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला. आमच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं त्या हिवाळ्यात अशीच उठून गेली होती. एकांनी जाताना कढीपत्त्याचं झाड आमच्या दारात ठेवलं. त्या झाडाला पाणी घालताना मनात यायचं, आपण हे कुणाच्या दारात ठेवणार?

मुलगी नववीत. चार वर्षांत तिसरी शाळा. नवऱ्यानं कपाटावरच्या मोठ्या बॅगा खाली काढल्या, फक्त चेनी चालतात का बघायला म्हणून, तर ती त्या बॅगांवर जाऊन बसली. म्हणाली, "बाबा, I'm not moving again. तुम्ही जा हवं तर."

आता या सगळ्यात मी कोण, तर पुण्यातल्या मुलींच्या शाळेत चौदा वर्षं इतिहास शिकवून आलेली, बेचाळीस वर्षांची, एम. ए. बी. एड. दीडशहाणी. इथे मला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे माझं सगळं शहाणपण अंगात साठून राहिलं होतं आणि सापडेल त्याच्यावर सांडत होतं. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानात भेंड्या निवडता निवडता मी शेजारच्या अनोळखी बाईला बटाटा भारतात कोणी आणला ते सांगितलेलं आहे. तिनं विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मुलीच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं, की अर्ध्या तासावर मुलींची एक कॅथलिक शाळा आहे, तिथे ऑगस्टपासून इतिहासाची शिक्षिका हवी आहे आणि योग्य माणूस मिळालं तर शाळा व्हिसाचे कागद करायला तयार आहे. म्हणजे या दोघांचे व्हिसा माझ्या शेपटाला बांधता आले असते. मी अर्ज केला. मुख्याध्यापिका वयस्कर नन होत्या, सगळे त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हणायचे. राखाडी स्वेटर, गळ्यात छोटा क्रॉस आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांनी माझे कागद चाळले आणि म्हणाल्या, "नववीच्या वर्गाला एक तास शिकवून दाखवा. तीस वर्षांचं युद्ध, शेवटचा टप्पा. एकच लढाई घ्या. मी मागे बसेन."

मी म्हटलं, "अवश्य." बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर मात्र स्वतःला विचारलं, बाई, कुठली लढाई?

कारण तीस वर्षांचं युद्ध मी पुण्यात चौदा वेळा शिकवलं होतं, आणि दर वेळी चार ओळींत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात जुंपली, जर्मनी उजाड झाली, तीस वर्षांनी तह झाला. कारणे, स्वरूप, परिणाम. संपलं. त्यातली एखादी लढाई कशी झाली, कोण कुठे उभं होतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून मी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यातली यांकाऊची लढाई निवडली. का निवडली? साल बघून. सोळाशे पंचेचाळीस म्हटलं की मराठी शिक्षिकेच्या डोळ्यांपुढे बोहेमिया येतच नाही, सह्याद्री येतो. आमच्याकडे स्वराज्याची शपथ त्याच सालची सांगतात. मला वाटलं, हा शुभशकुन आहे. इतिहासाची पदवी घेतलेली बाई शकुनावर लढाई निवडत होती.

लढाई होती मात्र मोठी चुरशीची. मार्चचा महिना, जमीन थंडीनं गोठलेली, टेकड्या आणि रान. एका बाजूला कॅथलिक सम्राटाची फौज, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट स्वीडनची. स्वीडनचा सेनापती पायाच्या सांध्यांनी इतका बेजार, की मोहिमेत त्याला बरेचदा पालखीसारख्या डोलीतून न्यावं लागे. सम्राटाच्या फौजेच्या डाव्या बगलेला एक टेकडी होती, ती राखायची होती. तिथल्या घोडदळाच्या सरदारानं हुकमाचा काहीतरी भलताच अर्थ लावला आणि सगळं दळ घेऊन तो खालच्या रानात, अडचणीच्या जागेत शिरला. तिथे तो मारला गेला. टेकडी स्वीडनच्या हातात गेली आणि संध्याकाळपर्यंत सम्राटाची फौज मोडून तिचा सेनापतीही कैद झाला.

तीन आठवडे मी हे घोकलं. मग पाठ टाचण काढलं. बी. एड. केलेल्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पाठ टाचणाच्या कागदावर दोन रकाने असतात. एकात शिक्षक काय म्हणणार ते लिहायचं आणि दुसऱ्यात विद्यार्थी काय उत्तर देणार ते. होय, विद्यार्थ्यांची उत्तरंही आपणच लिहायची. चौदा वर्षं माझ्या मुलींनी मी लिहिलेलीच उत्तरं दिली होती, म्हणून मला वाटायचं मी फार छान शिकवते.

मग नकाशा. मोठ्या कागदावर मी टेकड्या काढल्या, रान काढलं आणि दोन्ही फौजांचे झेंडे चिकटवले. स्वीडनचे निळे. सम्राटाचे भगवे.

नवरा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला. "अगं, बोहेमियात भगवा?"

"आपली बाजू कळायला नको का?"

"आपली? आपलं कोण आहे तिथे?"

"कॅथलिक. शाळा कॅथलिक आहे ना!"

"आणि पुस्तकाप्रमाणे हरलं कोण?"

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. त्यानं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "म्हणजे तू सिस्टरांच्या शाळेत जाऊन, त्यांना आपलं म्हणून, त्यांनाच बडवणार. बरं आहे. बॅगांच्या चेनी चालतात, मी बघितलंय."

इतिहास म्हणजे आपली बाजू आणि शत्रूची बाजू, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. चौथीपासून टेबलाच्या दोन्ही बाजूंनी तेच शिकत आणि शिकवत आले होते. नकाशात आपण कोण हे ठरल्याशिवाय माझा खडूच हलायचा नाही. झेंडे बदलायला वेळ होता, पण मी बदलले नाहीत. हट्ट, दुसरं काय.

तासाला मी कडक इस्त्रीची सुती साडी नेसले. वर्गात एकवीस मुली, मागच्या कोपऱ्यात सिस्टर, मांडीवर वही. मी पूर्वज्ञानाचा प्रश्न विचारला, "युरोपातल्या धर्मयुद्धांविषयी तुम्हाला काय माहीत आहे?" माझ्या दुसऱ्या रकान्यात इथे साडेतीन ओळींचं सुरेख उत्तर होतं.

च्युइंगम चघळणारी एक मुलगी म्हणाली, "लोक मेले."

मी हेतुकथन केलं, म्हणजे आज काय शिकायचं ते जाहीर केलं, फळ्यावर शीर्षक लिहिलं, खाली रेघ मारली. नकाशा लावला. खिडकीपाशी जाड काचांच्या चष्म्याची एक मुलगी बसली होती, तिचा हात वर गेला.

"मॅम, सम्राटाच्या बाजूला सॅक्सनीचं सैन्यसुद्धा होतं ना? ते तर प्रोटेस्टंट होते. मग ते ऑरेंज का?"

ते मी वाचलं होतं. वाचलं, आणि झेंड्यांच्या रंगात बसेना म्हणून सोडून दिलं. पुण्यात मी म्हटलं असतं, "खाली बस, ते पोर्शनला नाही." इथे म्हटलं, "तिकडे आपण नंतर येऊ." ती बसली, पण तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला आवडली नाही. मागे सिस्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

घड्याळात बावीस मिनिटं झाली होती. समोरची एक जांभई देत होती, दोघी खिडकीबाहेर बघत होत्या आणि मी आता त्या सरदारापर्यंत पोचले होते. आपला सरदार. भगव्या झेंड्याचा. तो हुकूम चुकीचा समजून रानात शिरतो आणि मरतो, असं सांगायचं? आपला माणूस असा फुकट मरतो? पराभवाचा धडा मी कधी पराभव म्हणून शिकवलेलाच नव्हता. आम्ही हरलो तरी त्यात कुणीतरी असा लढतो, की वर्गात मुली मुसमुसल्या पाहिजेत.

आणि मी खडू खाली ठेवला.

"मुलींनो," मी आवाज खाली आणत म्हटलं, "त्या रानात एक अरुंद खिंड होती."

नव्हती हो खिंड. अडचणीची जागा होती, झाडी होती. पण खिंड म्हटल्यावर ती लढवायलाच लागते. माझा सरदार तीनशे स्वारांनिशी त्या खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला. मागची फौज सुखरूप टेकडीपलीकडे पोचेपर्यंत मी इथून हलणार नाही, असं त्यानं सांगितलं. एक हात जायबंदी झाला, त्यानं दुसऱ्या हातात तलवार घेतली. त्याचे कान लागले होते ते मागून होणाऱ्या तोफेच्या आवाजाकडे. मी एक पाय पुढे टाकून, पदर खोचून सांगत होते. जांभईवालीचं तोंड उघडंच राहिलं. च्युइंगम थांबलं. तोफ झाली. सरदार पडला. वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

चष्मेवालीचा हात.

"मॅम, हे कुठे लिहिलंय? मी काल रात्री त्या लढाईवर वाचलं, त्यात तर तो चुकून गेला असं आहे."

एकवीस तोंडं माझ्याकडे. मागे सिस्टरांचं पेन थांबलेलं. माझ्या डोळ्यांपुढे बॅगा, बॅगांवर बसलेली माझी पोर. मी म्हणू शकले असते, हो, मी भरात वाहवत गेले. चौदा वर्षांत मी वर्गात एकदाही "चुकलं" म्हणाले नव्हते. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले:

"ते एका मराठी पुस्तकात आहे."

"Cool," च्युइंगमवाली म्हणाली.

घंटा झाली. सिस्टर पुढे आल्या. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. "तुम्ही मुलींना जागं ठेवलंत," त्या म्हणाल्या, "हे सोपं नसतं. शुक्रवारी दोन वाजता या. आणि ते मराठी पुस्तक घेऊन या. मला बघायला आवडेल."

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकलं. हसला नाही. हेच जास्त वाईट होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जरा आशा आली होती, आणि मी ती एका अख्ख्या खिंडीसकट दरीत ढकलली होती.

"नाही सापडलं म्हणून सांग," तो म्हणाला.

"मग म्हणतील, ही खोटारडी आहे."

"आणि तू कोण आहेस?"

मी तीन दिवस जेवले नाही म्हटलं तर तेही खोटं होईल, जेवत होते. घरात मराठी पुस्तकं होती मोजून पाच. एक पंचांग, दोन स्तोत्रांची, एक बाळंतपणाच्या आहाराचं आणि आईनं दिलेलं लोणच्या-मुरंब्यांचं. शेवटचं त्यातल्या त्यात जाड होतं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ग्रोसरीच्या खाकी पिशव्या कापून मी त्याला कव्हर घातलं, जसं दर जूनला पुण्यात मुलीच्या वह्यांना घालायची, कोपरे दुमडून, कडक. वर पांढरं लेबल लावलं आणि त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'इतिहास'. सिस्टरांना मराठी वाचता येत नाही. लांबून दाखवायचं, उघडून मिटायचं, पर्समध्ये टाकायचं. बेचाळीसाव्या वर्षी या बाईची अक्कल इतकीच होती, आणि ती स्वतःला एम. ए. म्हणवत होती.

शुक्रवारी दोन वाजता सिस्टरांच्या खोलीत खिडकी उघडी होती, बाहेर मुली बास्केटबॉल खेळत होत्या. चेंडूचा एकेक टप्पा माझ्या छातीत पडत होता. मी पुस्तक पुढे केलं आणि लगेच मागे घ्यायला लागले.

"उतारा वाचून दाखवा ना," सिस्टर म्हणाल्या. "मला भाषा ऐकायची आहे."

मी उघडलं. लिंबाचं उपासाचं लोणचं. घसा साफ केला आणि वीरश्रीच्या आवाजात वाचायला लागले. "पंचवीस रसदार लिंबे! दोन वाट्या मीठ!" आवाज चढवला. "लिंबे स्वच्छ धुऊन, पुसून, कोरडी करावीत! प्रत्येकाच्या आठ फोडी कराव्यात!" फोडींपाशी मी हातानं तलवारीसारखा वारही केला, देवा. माझा तळवा घामानं इतका ओला झाला होता, की कव्हरवर त्याचा डाग उमटला. तो अजून आहे.

सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची जवळ ओढली आणि पानावर बोट ठेवलं.

"वर ही छोट्या ओळींची यादी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक आकडा. खाली परिच्छेद." त्यांचं बोट सावकाश खाली उतरलं. "माझी आई पोलंडहून आली. तिच्या वहीची पानं अशीच दिसतात. हे काय आहे, काकडी?"

"लिंबू," मी म्हणाले.

बाहेर चेंडू आपटत राहिला. मला वाटलं, आता उठावं आणि चालायला लागावं.

"ती खिंड?"

"नव्हती, सिस्टर."

"तीनशे स्वार?"

"नाही."

"मला त्या तासालाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "शिक्षिका पकडली गेली की कशी दिसते ते मी अडतीस वर्षं बघतेय. मला बघायचं होतं, तुम्ही आज काय घेऊन येता. हात हलवत आला असतात तर मला जास्त आवडलं असतं." त्यांनी पुस्तक मिटून माझ्यापुढे सरकवलं. "सोमवारी, तोच वर्ग, तोच तास. या पुस्तकासकट. मुलींना सांगा, हे काय आहे आणि तुम्ही काय केलंत. त्यानंतर मी ठरवेन. तुम्ही नाही आलात तर ते ठरलंच."

घरी येऊन मी जाहीर केलं, की आपण पुण्याला परत जातोय.

"पंधरा वर्षांच्या पोरींसमोर उभी राहून लोणच्याचं पुस्तक दाखवू? माझी काही इज्जत आहे की नाही?"

नवरा म्हणाला, "नको जाऊस. खरंच. जाऊ परत." तो हे इतक्या थकल्या आवाजात म्हणाला, की मला भांडताही येईना.

बोलली ती मुलगी. बॅगेवरून न उठता. "आई, तू मला मागच्या महिन्यात सगळ्या फॅमिलीसमोर सॉरी म्हणायला लावलंस. कपबशी फुटली म्हणून. शेजारच्या काकूंच्या घरी. आठवतंय?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं? It's two minutes. माझं तर अख्खं हायस्कूल आहे."

तिनं पुढे काही म्हटलं नाही. बॅगेची चेन उघडत आणि लावत बसली. तो आवाज मी शनिवार आणि रविवार ऐकला.

सोमवारी मी गेले. साडी तीच, कारण दुसरीला इस्त्री नव्हती. सिस्टर मागे त्याच कोपऱ्यात, पण या वेळी वही नव्हती. मी टेबलावर पुस्तक ठेवलं. पाठ टाचण काढलं नव्हतं, कारण दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना.

"मागच्या आठवड्यात मी तुम्हाला एका खिंडीची गोष्ट सांगितली," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "ती खिंड नव्हती. तीनशे स्वार नव्हते. तोफेची खूण नव्हती. ती गोष्ट आमच्याकडच्या एका दुसऱ्या लढाईची आहे, मी ती इकडे आणून चिकटवली. आणि मी म्हणाले, हे मराठी पुस्तकात आहे. हे ते पुस्तक." कव्हर घातलेलं पुस्तक मी वर धरलं. "हे लोणच्याचं पुस्तक आहे."

च्युइंगमवाली फस्सकन हसली, आणि मग सगळा वर्ग. हसू थांबेचना. एकीनं बाकावर डोकं टेकलं. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि मी मनात म्हटलं, रडायचं नाही, रडलीस तर ह्या पोरींना वाटेल हाही अभिनय आहे.

चष्मेवाली हसत नव्हती. हात वर.

"मग तो टेकडी सोडून का गेला?"

माझ्या डोक्यात ताबडतोब पाच कारणं तयार झाली, आकड्यांसकट. एक, आदेशातील संदिग्धता. दोन, भूप्रदेशाचे अज्ञान. सगळी तोंडाशी आली होती. मी त्यांना गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी वर्गात उभी राहून पहिल्यांदा उच्चारत होते. वाटलं होतं जमीन दुभंगेल. जमीन होती तिथेच होती. चष्मेवाली म्हणाली, "कदाचित त्याला वाटलं असेल, तो हुकूमच पाळतोय." जांभईवाली म्हणाली, "किंवा त्याला वाटलं, टेकडी कुणाला हवीच आहे कशाला." तिसरी म्हणाली, "पण त्याला खाली अडकल्यावर कळलं असेल ना? मग तो मागे का नाही फिरला?" याचं उत्तर मला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं, पण मी गप्प राहिले. मग सॅक्सनीवाल्यांची चर्चा निघाली. सम्राटाचे प्रोटेस्टंट साथीदार, त्यांना कुठला रंग द्यायचा यावर दोघी भांडायला लागल्या. मी नकाशावरचे भगवे झेंडे एकेक करून काढले आणि त्यांच्या हातात दिले. म्हटलं, तुम्हीच लावा. त्यांनी कुठे कुठे लावले ते मी बघितलंसुद्धा नाही, मी मागच्या कोपऱ्याकडे बघत होते. घंटेच्या जरा आधी सिस्टर उठल्या आणि एक शब्द न बोलता दार ओढून निघून गेल्या.

मंगळवार गेला. बुधवार गेला. नवऱ्याला कन्सल्टन्सीचं पत्र आलं, शेवटचा दिवस एकतीस मे. त्यानं ते फ्रीजवर लावलं. मुलीनं बॅगेत स्वतःहून एक स्वेटर घडी करून ठेवला, मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. गुरुवारी दुपारी मी कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालत होते तेव्हा फोन वाजला. नवऱ्यानं उचलला, ऐकलं आणि हात लांब करून रिसीव्हर माझ्याकडे धरला, जणू गरम आहे.

"ऑगस्टपासून," सिस्टर म्हणाल्या. "एक वर्ष. नंतरचं नंतर बघू. वकील उद्या तुम्हाला फोन करतील, महिना संपायच्या आत कागद जातील. एक अट आहे."

"सांगा, सिस्टर."

"माझ्या शाळेत कुठल्याही पुस्तकावर तुम्ही ते तपकिरी कव्हर घालणार नाही."

मी हो म्हणाले. फोन ठेवला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि ती काही न बोलता आत गेली. थोड्या वेळानं बॅगा कपाटावर चढवल्याचा आवाज आला, दोन धप्प.

नवरा खुर्चीत बसला होता, दोन्ही हात तोंडावर घेऊन. मला वाटलं रडतोय. जवळ गेले तर खांदे हलत होते. हसत होता.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तू वाचलंस, प्रत्येकाच्या आठ फोडी कराव्यात. आणि वार केलास."

लोणच्याचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. कव्हर त्याच दुपारी काढायला घेतलं होतं, पण कोपरे इतके पक्के चिकटवले होते, की कागदाबरोबर पुस्तकाची कडही फाटायला लागली. म्हणून तसंच ठेवलं. शाळेत नेलं नाही, एवढी अट पाळली. यांकाऊ मात्र तिथे मी दर वर्षी शिकवत राहिले, आणि दर वर्षी कुणीतरी हात वर करून विचारायची की तो टेकडी सोडून का गेला. मी सांगायची, माहीत नाही, तुला काय वाटतं?

परवा नातीनं ते पुस्तक कपाटातून काढलं, लेबलवर बोट ठेवलं आणि विचारलं, "आजी, what does this say?"

"इतिहास," मी म्हटलं. "आण इकडे. त्यातलं लिंबाचं करू या."